तांदळात ठेवलेले फोटो

अश्विन रामटेके सानगडीत राहतो, साकोलीच्या एका कार्यालयात कारकुनी करतो, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूची एकच प्रत असणं हा गुन्हा आहे असं मानतो. त्याच्या घराची किल्ली तीन घरी असते. रेशनकार्डाची झेरॉक्स सासुरवाडीला, बहिणीकडे आणि किराणा दुकानदाराकडे. गरज पडते त्या दिवशी ही सगळी मंडळी नेमकी कुठल्या तरी लग्नाला गेलेली असतात आणि साहेब स्वतःच्या दारात पायरीवर बसलेले असतात. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

याला कारणही आहे. त्याच्या लग्नाचे फोटो ज्या स्टुडिओत होते तिथला कॉम्प्युटर बसला आणि अश्विनचं लग्न पुराव्याअभावी राहिलं. त्याची बायको रुचिता अजूनही म्हणते, "फोटो गेले अन् नवरा राह्यला. माहं नशीबच उलटं."

त्यामुळे गावातून सारनाथ, कुशीनगर आणि बोधगयेची बस ठरली तेव्हा फोटोंची जबाबदारी अश्विनवर कोणी टाकायची गरजच पडली नाही. ती त्यानंच हिसकावून घेतली. निघायच्या आधी विहारात त्यानं आम्हां प्रवाशांना उभं राहून समजावलं, "कम्प्युटर नाही म्हणून भ्याचं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढाचं, रीडरमध्ये टाकाचं, रीडर मोबाइलले लावाचा, अन् मोबाइलवरून सारे फोटो या डिस्कमध्ये." असं म्हणून त्यानं बिस्किटाएवढी काळी डिस्क वर धरली. "कार्ड पुसाचं नाही. अन् कॅमेरा नि डिस्क एका पिशवीत ठेवाची नाही. एक चोरीले गेलं तं दुसरं राह्यते." आम्ही टाळ्या वाजवल्या. भाषणात चूक काढायला जागा नव्हती, हे मी आजही कबूल करतो.

या यात्रेत खरं तर मंगरूबाबा जायचे होते. अश्विनच्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे त्याचे मोठेबाबा. पण त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. मग त्यांनी आपल्या जागी बायकोला, वच्छलाबाईंना, पाठवलं. बस सुटताना खाटेसकट त्यांना अंगणात आणलं होतं. जड जिभेनं त्यांनी अश्विनला एकच काम सांगितलं, "बोधगयेचं झाड मी क्यालेंडरवर पाह्यलं हाय. मले वच्छला त्या झाडाखाली उभी दिसली पाह्यजे. तेवढा फोटो आणजो."

"मोठेबाबा, एक काय, शंभर आणतो!" अश्विन म्हणाला. माणूस दिलदार आहे, बोलण्यात तर फारच.

आता डिस्क सांभाळायची कोणी? आमचे लोक कुठंही गेले तरी तांदूळ घरचा नेतात. परक्या मुलखातला भात घशाखाली उतरत नाही, मग तो देवानं रांधला तरी. तांदळाचं पोतं वच्छलाबाईंच्या ताब्यात होतं. त्यांनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि सरळ पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून, तळाशी पुरली. त्यांच्या घरी मोलाची वस्तू अशीच धानाच्या ढोलीत, त्या मोठ्या बांबूच्या कणगीत, लपवायची रीत. चोर येतो तो घाईत असतो, धान उपसत बसत नाही.

अश्विन तर हरखलाच. "ओल धरत नाही, धक्का लागत नाही! मोठीमाय, तू तं कंपनीत पाह्यजे होतीस." आणि मग, नको ते वाक्य बोलून गेला, "गाडी जळली तरी चालंल, पण हे पोतं सोडाचं नाही."

शहाणा माणूस असं बोलतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की जरा लक्ष ठेवा. वच्छलाबाईंना वाटलं, पोतं सोडायचं नाही म्हणजे पोतं सोडायचं नाही.

सारनाथला आम्ही उतरलो. त्या बसमध्येच राहिल्या. कुशीनगरला आम्ही उतरलो. त्या बसमध्येच राहिल्या. विचारलं की म्हणायच्या, "पाय दुखते बापा, तुम्ही या जाऊन." म्हाताऱ्या बाईचे पाय दुखणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं, म्हणून कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. संध्याकाळी मुक्कामावर अश्विन डिस्क मागायचा, त्या तांदूळ उपसून द्यायच्या, तो वायरी जोडून बसायचा. कॉपी झाली की डिस्क पुन्हा तांदळात. इतकी जपणूक त्यानं आपल्या पोरांचीही केली नसेल.

बोधगयेला महाविहारात मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा चालतो. झालं, सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा झाले आणि पिशवी आली वच्छलाबाईंच्या मांडीवर. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि पायांत चपला घालून बसल्या होत्या.

"अश्विन, माहा फोटो काढाचा हाय ना रे?"

"हाव ना, मोठीमाय! आम्ही एक चक्कर मारून येतो. मंग कोणालेतरी पिशवीपाशी बसवतो अन् तुले घेऊन जातो. निवांत काढू."

आम्ही गेलो. अश्विननं झाडाचे फोटो काढले, झाडाच्या पानांचे काढले, झाडाखाली निजलेल्या कुत्र्याचेसुद्धा काढले. परत आला तेव्हा त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढे फोटो आणि एकाच कार्डात! आधी कॉपी, मग बाकीचं. पोतं उघडलं, डिस्क निघाली, वायरी जोडल्या. मोबाइलवरची ती निळी रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. वच्छलाबाई चपला घालून बघत होत्या. रेघ शेवटाला पोचली आणि ड्रायव्हरनं हॉर्न मारला. पुढचा रस्ता लांबचा होता.

"राहू दे आता, मोठीमाय. झाडाचे लय फोटो आले. मोठेबाबाले तेच दाखवू."

"हाव बापा," त्या म्हणाल्या, आणि डिस्क पोत्यात पुरली.

परतीच्या वाटेवर, रीव्याच्या पुढं, एका ढाब्यावर अश्विनची कॅमेऱ्याची पिशवी गेली. चहा पिऊन वळून बघतो तर बाक रिकामा. बायका हळहळल्या, पुरुषांनी चोराच्या सात पिढ्या काढल्या. अश्विन मात्र शांत उभा होता. त्याचं आयुष्य ज्या क्षणाची वाट बघत होतं तो आला होता. "मोठीमाय," तो म्हणाला, "काढ."

वच्छलाबाईंनी पोत्यात हात घातला आणि डिस्क बाहेर काढली. बसमध्ये असा जल्लोष झाला की ढाबेवाल्याला वाटलं, आमच्यात कोणाचं लग्न जमलं. सानगडीपर्यंत अश्विननं तेच भाषण पुन्हा दिलं, या वेळी उदाहरणासकट. कॅमेरा गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर औषधालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगरूबाबांच्या घरी अर्धं गाव जमलं. अश्विननं डिस्क टीव्हीला लावली. बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं. वच्छलाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या. एकेक फोटो सरकू लागला. स्तूप. स्तूपापुढं अश्विन. बस. बसपुढं अश्विन. पुरीभाजी. मग बोधीवृक्ष आला, आणि घरात सगळ्यांनी हात जोडले.

बाबांचा डावा हात उठला. "वच्छला कोठी हाय?"

"येते, येते," अश्विन म्हणाला आणि पुढं सरकवत गेला. झाड. झाडाखाली रुचिता. झाडाखाली मी. झाडाखाली कुत्रं. बाबा प्रत्येक फोटोकडे मान पुढं करून बघत होते. फोटो संपले. अश्विन पुन्हा पहिल्यापासून सरकवू लागला, जणू दुसऱ्या खेपेला ती कुठून तरी येऊन उभी राहणार होती.

"मोठेबाबा," शेवटी तो म्हणाला, "मोठीमाय पोत्यापाशी होती. तिच्याच्यानं तं हे सारे फोटो वाचले."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बायकोला विचारलं, "तू पाह्यलंस काय वं झाड?"

वच्छलाबाई टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या होत्या. हात अजून जोडलेलेच होते.

"अश्विन, ते झाडाचं थांबव ना जरासक," त्या म्हणाल्या. "मी बी आत्ताच पाहून राह्यली."