अंजिराचा दहावा

वडील गेले ते नेमके छाटणीच्या आठवड्यात. पाऊस संपला की ते मागच्या अंगणातल्या अंजिराचं पाणी महिनाभर तोडत, मग छाटत, मग खत घालून पाणी सोडत. दौलताबादहून फांदी आणून त्यांनीच ते लावलं होतं. फळ लहान, साल इतकी पातळ की सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आणि फळ धरतं नव्या फुटीवर. छाटणी चुकली की उन्हाळ्यातला गोड बहार गेलाच. दवाखान्यात ते मला शेवटचं बोलले तेही हेच, "फांद्यांचे डोळे फुटायच्या आत छाट."

तिसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन अंगणात गेलो, तर आत्या आडवी आली.

"सुतक हाय. दहाव्यापर्यंत केसा-नखाला लोखंड लावत नायत."

"आत्या, हे झाड आहे."

"माझ्या भावानं लेकरावानी वाढवलंय. म्हंजी तुझा धाकटा भाऊच की. तुझी दाढी वाढतीय, त्याचीबी वाढू दे."

मी कात्री परत जागेवर ठेवली. रोज सकाळी मी जाऊन फांद्यांवरचे डोळे बघायचो. ते फुगत चालले होते.

दहाव्याला घाटावर माझं मुंडन झालं. मग आत्याने न्हाव्याला रिक्षात बसवून घरी आणलं आणि झाडापुढं उभं केलं.

"थोरल्याचं झालं. आता ह्याचं."

न्हाव्याने झाडाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शेंडी ठेवायची का?"

"ठेव की. रीत हाय."

मी दाखवीन तिथं तो माझ्या कात्रीने कापत गेला. प्रत्येक कापातून पांढरा चीक यायचा. त्याचे हात खाजायला लागले. "लई वाईट गिऱ्हाईक हाय ओ हे," म्हणाला. वरची एक फांदी तेवढी राहिली. संध्याकाळी मी पाणी सोडलं.

शेंडीला एकही अंजीर लागलं नाही. बाकीच्या फांद्यांना होळीनंतर लागली, पण दरवर्षीपेक्षा कमी. पहिलं पिकलेलं मी आत्याच्या हातावर ठेवलं. तिने ते उभ्यानंच खाल्लं.

"गोड हाय. पर तो असता तर म्हणला असता, उशीर केलास."

"तूच करायला लावलास."

"व्हय," आत्या म्हणाली आणि दुसरं हाताला येईना म्हणून फांदी वाकवायला लागली.