कोऱ्या नळीचा आकडा

अक्का एकदा धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेल्या. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये शिरल्या त्या बराच वेळ बाहेरच येईनात. आल्या त्या सांगतच, "तुमच्या गीझरला क्षार धरलाय. पाणी तापायला वेळ लागतो ना?" मुलीचे काका म्हणाले, "अक्का, मुलीचं बोला. गीझर आमच्याकडेच राहणार आहे." लग्न जमलं.

आनेकलच्या आमच्या छोट्या कंपनीत अक्का तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. घर चामराजपेटला, कितीतरी पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घर. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं, तेव्हा अक्कांनी मराठीत विचारलं, "नळीवर थर चढला तर उष्णतेचं काय होतं?" मला सांगता आलं. "सरी, बरोबर. सोमवारी ये," म्हणाल्या. ते उपकार मी विसरलेलो नाही.

आमच्या विभागाकडे एकाच कागद कारखान्याचं काम होतं. लाकूड शिजवून लगदा काढला की काळं पाणी उरतं. ते इव्हॅपोरेटरमध्ये, वाफेने तापलेल्या नळ्यांतून आटवतात. नळ्यांना आतून क्षार धरत जातो आणि तेवढंच पाणी आटवायला जास्त वाफ लागू लागते. वाफ आणि तापमान पाहून थर किती चढलाय, हे आम्ही दर महिन्याला कळवायचो. मी आटलेल्या पाण्याचा आकडा पाहून खूश झालो की अक्का म्हणत, "स्वल्प थांब. वाफ किती खाल्ली ते बघ."

कारखान्यातले लोक नळ्या धुतल्या की तिथूनच नव्याने मोजायला लागत. त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर सगळं छान दिसे. अक्का मात्र नळ्या कोऱ्या होत्या तेव्हाच्या आकड्याशीच तुलना करत. "धुतलं ते गेलं. धुऊनही जात नाही, ते मोजायचं."

एका वर्षी त्यांनी अहवालात लिहिलं, आता पाण्याने भागणार नाही. संच बंद ठेवून नळ्या ॲसिडने साफ करा. नेमकी तेव्हाच कारखान्याकडे कागदाची मोठी मागणी होती. आमच्या मालकांनी अक्कांना बोलावलं.

"अक्का, शेवटच्या धुण्यापासून मोजा की. तेही खोटं नाही. हे गिऱ्हाईक गेलं तर तुमचा विभाग मला ठेवता येणार नाही."

"ठाऊक आहे, अण्णा," अक्का म्हणाल्या, आणि अहवाल आहे तसाच पाठवला.

कारखान्याने काम काढून घेतलं. विभाग बंद झाला. मला पंपांच्या विभागात घ्यायला लावूनच अक्कांनी कंपनी सोडली. शेवटच्या दिवशी आम्ही मार्केटच्या बसची वाट बघत उभे होतो. न राहवून मी म्हणालो, "थोडं सांभाळून घेतलं असतं तर विभाग वाचला असता."

"वाचला असता रे. मग त्यात बसून आपण काय मोजलं असतं?"

बस आली, त्या चढल्या. कारखान्यातल्या नळ्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. बहुधा कारखान्यालाही कळलं नसावं. मोजणारं कोणी उरलं नव्हतं.