हुकूम निघाला, माणसं निघाली नाहीत

तहसील ऑफिसातल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. लोक अर्ज घेऊन येतात, अर्ज फाईलला लागतो आणि किस्सा आपल्याजवळ राहतो. आमच्याजवळ पुराचे फार राहिलेत.

पन्नास-साठच्या दशकात मी अमरावतीला ज्युनिअर क्लार्क होतो. पेढी नदीला, पूर्णेला पूर आला की काठची गावं खाली करायचा हुकूम निघायचा. मग आमची टोळी जीपमध्ये बसायची. नायब तहसीलदार इंगोले साहेब, ड्रायव्हर रहीमभाई आणि गावाची यादी सांभाळत मी. हुकूम ऐकून लोक निघायचे. पण दर वेळी कोणी ना कोणी मागे राहायचंच! त्यांच्या गोष्टी आम्ही पुढे वर्षभर कँटीनमध्ये सांगत बसायचो आणि पोट धरून हसायचो. आता सांगतो तेव्हा मध्येच थांबावंसं वाटतं.

*

वानखडे गुरुजींचंच घ्या. रिटायर्ड मास्तर, घर नदीच्या अगदी तोंडावर. आत भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर कोळशाची एक रेघ होती.

"माह्या आज्यानं मारली हे रेघ," गुरुजी म्हणाले. "याच्यावर पाणी आलं नाई आन् येणारबी नाई."

साहेबांनी हुकमाचा कागद पुढे केला. गुरुजींनी तो चष्मा लावून वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि परत दिला. "तुमच्या हुकमावर आजची तारीख हाये साहेब. ही रेघ माह्या जन्माच्या आधीची हाये!"

दुसऱ्या दिवशी नाव घेऊन गेलो तर गुरुजी गोठ्याच्या छपरावर. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. रहीमभाईंनी अंगावर घोंगडी टाकली. ती बाजूला सारून गुरुजी म्हणाले, "आधी कोळसा द्या! रेघ नवी मारा लागते."

कोळसा मिळाला असता हो. भिंत कुठे उरली होती?

*

पार्वताबाईंची म्हैस व्यायला आली होती. बाई एकटी. ना मूल, ना बाळ. पाणी गल्लीत शिरलेलं आणि ही गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी.

साहेब म्हणाले, "बाई, म्हैस दुसरी मिळेल. जीव दुसरा मिळत नाही."

"हिचा काय जीव नाई?" बाई फटकन बोलली. "तुमच्या बायकोले कळा सुटल्या असत्या, तं तिले टाकून आले असते का तुमी?"

रहीमभाईंनी मान फिरवली. मी यादीत डोकं घातलं. कारण साहेबांच्या बायकोला त्याच सकाळी अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं होतं आणि साहेब तिथूनच थेट ड्युटीवर आले होते!

साहेबांनी कोट काढून खुंटीला टांगला. "रहीमभाई, जीप चढावर नेऊन ठेवा. आम्ही येतो."

तासाभरानं आम्ही निघालो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. पुढे म्हैस, तिच्यामागे पार्वताबाई आणि शेवटी खांद्यावर नुकतीच जन्मलेली वगार घेतलेले इंगोले साहेब!

संध्याकाळी दवाखान्यात पोचले तर मुलगी झालेली. वहिनींनी विचारलं, "होते कुठं तुम्ही?"

साहेब बोलून गेले, "बाळंतपणातच होतो!"

ऑफिसात हा किस्सा सगळ्यांनी सांगितला, साहेबांनी मात्र कधीच नाही. वहिनी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत असं रहीमभाई सांगायचे. खरं म्हणजे पुष्कळ जास्त दिवस.

*

एका वर्षी आम्हाला मदतीला अकोल्याकडे पाठवलं. तिथे दोन भाऊ होते, महादेव आणि शामराव. घरं भिंतीला भिंत लावून, बोलणं अकरा वर्षं बंद. भांडण अंगणातल्या वीतभर जागेचं.

महादेवरावांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "आधी त्याले काढा. मी गेलो का तो हद्दीची खुंटी सरकवते." शामरावांकडे गेलो तर अगदी तेच उत्तर. दोघांच्या बायका-मुलांना ट्रकमध्ये बसवलं, हे दोघे आपापल्या दारात बसून राहिले.

नावाडी त्यांना आणायला गेला तेव्हा दोघे एकाच छपरावर, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. रात्रभर तसेच! महादेवराव नावाड्याला म्हणाले, "त्याले इचार, भाकर खाल्ली का त्यानं?" शामराव नावाड्यालाच म्हणाले, "त्याले सांग, भूक नाई."

नाव काठाला लागेपर्यंत अशीच चौकशी चालू होती.

पाणी उतरल्यावर अंगण मोजायला मी गेलो. अंगण नव्हतं. थोरला हिवाळ्यात वारला. धाकट्यानं पार अमरावतीला, माझ्या ऑफिसात येऊन विचारलं, "बाबू, त्यानं भाकरीचं इचारलं, तेव्हा मले सरळ बोलता आलं असतं न?"

मी अर्ज समजून कागद पुढे केला होता. तो मागे घेतला.

*

हा पुढचा मी कँटीनमध्ये कधी सांगितला नाही.

साहेब रजेवर होते आणि एका गावाची जबाबदारी माझ्यावर होती. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. धम्म घेऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. हुकूम होता की सगळ्यांनी टेकाडावरच्या देवळात जावं. वस्तीतले म्हातारे सोनबाजी दारातच बसले होते.

"बाबा, चला. पाणी चढून राहिलं."

"कुठं?"

"देवळात."

सोनबाजी हसले. "त्या पायरीवरून माह्या बापाले ढकलून देल्लं होतं. म्या आता देवबी सोडले. पाण्याच्या भेवानं चढू काय?"

"पाणी घरात शिरेल, बाबा!"

"शिरू दे. पाणी बरं हाये, बाबू. ते कोनाची जात इचारून शिरत नाई."

टेकाडावर देवळाशेजारी शाळा होती. तिला कुलूप. किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर तिवशाला गेलेले. मी पटवाऱ्याला म्हटलं, "तोडू या का?"

तो म्हणाला, "सरकारी कुलूप आहे. रिपोर्ट तुमच्यावर जाईल."

माझी नोकरी टेम्पररी होती. मी तोडलं नाही.

वस्तीतल्या लोकांनी दोन दिवस सडकेच्या भरावावर पावसात काढले. सोनबाजींची तान्ही नात तापानं गेली.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. कुलूप इतकं गंजलेलं, की किल्ली लावायच्या आधीच ते त्यांच्या हातात आलं!

*

आता किसन कोतवालाचा सांगतो. कोतवाल म्हणजे गावात सरकारी हुकमाची दवंडी देणारा माणूस. हा किसन एवढा पक्का, की दीडशे घरांतली नावं त्याला तोंडपाठ होती.

त्या दिवशी त्यानं सकाळपासून डफ बडवून गाव जागं केलं. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत आणलं. अडून बसलेल्यांना शिव्या दिल्या, हात जोडले. तो एकेक नाव घ्यायचा आणि मी यादीवर खूण करायचो.

"झाले सगळे?" साहेबांनी विचारलं.

"झाले जी. एकबी राहिला नाई."

ट्रक निघाले. दुपारी छावणीत पंगत बसली तेव्हा किसनची बायको माझ्याकडे आली. "बाबूजी, आमचा माणूस दिसून नाई राहिला कुठं."

मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्यात किसनचं नावच नव्हतं.

पाण्याला ओढ एवढी, की त्या दिवशी पाण्यात होडी घालायला कोणी तयार होईना. सकाळी साहेब स्वतः नावेत बसले. चावडीच्या कौलांवर किसन उकिडवा बसला होता. डफ भिजू नये म्हणून घोंगडीत गुंडाळलेला आणि स्वतः उघडा. अंग तापानं फणफणलेलं.

त्याला नावेत घेतलं. साहेबांचा आवाज चढला, पण डोळे भरलेले होते.

"अरे किसन, सगळं गाव तू बाहेर काढलंस! मग तू काहून राहिला?"

किसननं भाबडेपणानं साहेबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या यादीकडे.

"सगळ्याइले म्या सांगतलं जी, निघा म्हून," तो म्हणाला. "मले कोनी सांगतलंच नाई!"