शून्याच्या बटणाखालचा स्विच

शून्य एकदाच पडलं. पाटणकर साहेबांनी बटण परत दाबलं. परत एकदाच. मग त्यांनी ते जोरात दाबून बघितलं, हळू दाबून बघितलं, कडेला बोट ठेवून तिरकं दाबलं. पडद्यावर दर वेळी एकच शून्य येत होतं.

"बघा भोईर," साहेब म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?"

भोईर काका काउंटरला टेकून उभे होते. तो जड कीबोर्ड त्यांनीच पोत्यात गुंडाळून अंबरनाथहून आमच्या दुकानापर्यंत आणला होता. त्यांनी उजवा हात खिशात घातला. त्यांचा तो हात थोडा थरथरतो, हे ते दुकानात शिरले तेव्हाच मला दिसलं होतं. साहेबांनाही माहीत असणार.

मी आतल्या टेबलावर बसून हे ऐकत होते. सकाळपासून थिनरच्या वासाने माझं डोकं धरलं होतं. गिऱ्हाइकांशी मी बोलत नाही. ते काम सेठचं.

आमचं दुकान उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या बाजूला आहे. मुरली सेठ जुन्या मशीनचे कीबोर्ड आणि पॅनेल दुरुस्त करतात. आता नवीन कीबोर्ड बिघडला की लोक टाकून देतात. पण कारखान्यातलं मशीन जुनं असलं की त्याला जुनाच कीबोर्ड लागतो, आणि तो बाजारात मिळत नाही. म्हणून सेठ भंगारातले जुने कीबोर्ड वजनावर घेतात. त्यातले स्विच सोडवून, साफ करून ठेवायचे, हे माझं काम. जुन्या चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, बोटाच्या पेराएवढा. वरून बघितलं तर फक्त त्याची दांडी दिसते. बटण त्या दांडीवर बसतं. बहुतेक स्विचवर नाव नसतं, नंबर नसतो. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडताना निम्मे तुटतात.

भोईर काका पाटणकर साहेबांच्या रंगाच्या कंपनीत वजनाच्या खोलीत काम करायचे. कुठली पावडर किती घ्यायची तो आकडा ते कीबोर्डवर टाकायचे आणि मशीन तेवढी पावडर खाली सोडायचं. एका मालात १.०५ टाकायचं होतं, मशीनने १.००५ घेतलं. रंग फिका आला. माल परत आला. पुढे आणखी एकदा तसंच झालं. काकांचं म्हणणं, मी शून्य एकदाच दाबलं. कंपनीचं म्हणणं, तुमचा हात हलतो, तुम्ही दोनदा दाबलं. काका ठेकेदाराकडचे होते, कायमचे नव्हते. पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणायला कंपनीला काही लागणार नव्हतं.

"कंपनीत दोनदा पडत होतं," काका शेवटी म्हणाले. "इथं आनायच्या आधी तुमच्या इलेक्ट्रिशियननं सगल्या बटनांत स्प्रे मारला. मी म्हनत होतो, मारू नको, आधी दाखवू दे."

"स्प्रे मारून हात बरा होतो का, भोईर?"

"तसं नाय साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते सेठकडे वळून म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही, पण वरून विचारतात. हे मशीन दिलं त्या लोकांनी सांगितलंय की यात चुंबकवाले स्विच आहेत. चुंबकवाला स्विच एका दाबाला दोनदा लागत नाही. तुम्ही उघडून बघा. चुंबकवालाच असला तर तसं एका कागदावर लिहून द्या. मग माझा विषय संपला."

"और नहीं निकला तो?" सेठने विचारलं.

"तर भोईरांचं खरं."

दोन्हीतला फरक इथे सांगते. साध्या स्विचमध्ये पितळेचं पातळ पातं असतं. दांडी खाली गेली की पातं दुसऱ्या पात्याला लागतं आणि अक्षर उमटतं. पातं जुनं झालं, त्यावर काळं चढलं, की ते लागताना थडथडतं. आपण एकदा दाबतो, मशीन दोन मोजतं. स्प्रे मारला की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. चुंबकवाल्या स्विचमध्ये दांडीला चुंबकाचा तुकडा असतो आणि शेजारी काचेची बारीक नळी. नळीच्या आत दोन तारा, हवाबंद. चुंबक जवळ आला की तारा चिकटतात. तिथे धूळ जात नाही, काळं चढत नाही. साहेब त्याला रीड म्हणत होते. आम्ही काचवाला म्हणतो.

सेठने कीबोर्ड आत माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सुनंदा, कोने का एक खोल. और पूरा साफ भी करके दे."

आमच्याकडे पद्धत अशी की ओळखायला नेहमी कोपऱ्यातलं बटण उघडायचं. कोपऱ्यातली बटणं कोणी वापरत नाही. उघडताना तुटलं तरी गिऱ्हाइकाचं अडत नाही. ती पद्धत मी यायच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यात काही खोट आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

मी सगळ्या बटणांच्या टोप्या काढल्या. खाली सगळ्या काळ्या दांड्या, एकसारख्या. कोपऱ्यातला स्विच सोडवला, दोन्ही बाजूंनी ब्लेड घालून झाकण उचललं. नशिबाने तुटला नाही. आत काचेची नळी होती.

सेठने तो चिमट्यात धरून साहेबांना दाखवला. साहेबांनी चष्मा वर करून बघितला. सेठला गिऱ्हाइकासमोर थोडं नाटक करायला आवडतं. त्यांनी माझ्याकडून दोऱ्यात ओवलेली सुई घेतली आणि दांडीवर लोंबकळत धरली. सुई टुणकन चिकटली.

"ये देखो साईं. चुंबक."

"मग झालं," साहेब म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, फक्त काम संपल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी फोन काढला आणि दाराकडे जाऊन कोणाशी तरी बोलायला लागले. सेठ कागद शोधायला लागले.

भोईर काका माझ्या टेबलापाशी आले. उघडलेल्या स्विचकडे बघत म्हणाले, "ताई, मीच दाबलं असंल का ओ दोनदा? आता मलाच कलंना झालंय. घरी पोरगीपन म्हनते, बाबा, चहा सांडता तुम्ही."

मी ब्रश घेतला आणि साफ करायला लागले. सुई दोऱ्यासकट माझ्या डाव्या हातात राहिली होती. भंगाराचा माल आला की मी एकेका स्विचवरून सुई फिरवून चुंबकवाले बाजूला काढते, म्हणजे उघडायचा त्रास वाचतो. तशीच ती आताही फिरत गेली. उजव्या हाताने ब्रश, डाव्या हाताने सुई. पहिली ओळ, दुसरी ओळ. प्रत्येक दांडीवर सुई तिरकी होऊन ओढली जायची.

आकड्यांच्या ओळीत शेवटच्या दांडीवर सुई सरळ लोंबत राहिली.

मी दोरा थोडा खाली सोडला. सुई दांडीला टेकली तरी चिकटली नाही. शेजारच्या नऊवर नेली, चिकटली. परत शून्यावर आणली, सरळ. मला वर बघायचा धीर होईना. सेठ कागदावर दुकानाचा शिक्का मारत होते. मी सुई तशीच धरून बसले.

"हितं का नाय ओढत?" काकांनीच विचारलं.

मी सुई परत नऊवर नेली, मग शून्यावर. ते मोठ्याने म्हणाले, "साहेब, या जरा. हितं सुई नाय ओढत."

साहेब फोन ठेवून आले. सेठही आले. साहेबांनी सुई माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवली. दोनदा फिरवली. "शून्याचा वेगळा आहे," ते म्हणाले. "मागून उघडा."

मी कीबोर्ड पालथा घातला आणि मागच्या पत्र्याचे स्क्रू काढायला घेतले. माझ्या मनात होतं की कोणीतरी मधे कधीतरी हा एक स्विच बदलला असणार. वरची दांडी काळी, म्हणून काळ्या दांडीचाच दुसरा बसवला. आमच्या दुकानातसुद्धा स्विचचे डबे दांडीच्या रंगावरूनच लावलेले आहेत. काळ्यांचा डबा, पांढऱ्यांचा डबा, निळ्यांचा डबा. भंगारवाल्यांची ती सवयच आहे. प्लास्टिक रंगावरून वेगळं करतात, तसे स्विचही.

पत्रा निघाला. खाली बोर्डावर सोल्डरचे शेकडो ठिपके होते, सगळे कंपनीतून आलेले, एका मापाचे. शून्याच्या जागी दोन ठिपके मोठे होते आणि स्विचचे पाय थोडे वाकवून बसवले होते. त्या दोन्ही ठिपक्यांवर गुलाबी नेलपॉलिश लावलेलं होतं. जुनं, फिकं झालेलं.

सेठ जो जोड स्वतः करतात त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावतात. गिऱ्हाईक परत आलं आणि म्हणालं की तुम्ही केलेलं काम बिघडलं, तर ते आपलंच काम आहे की नाही हे लगेच कळावं म्हणून. ती बाटली माझ्याच टेबलाच्या खणात असते.

मी सेठकडे बघितलं. त्यांनी ते माझ्या आधीच बघितलं होतं. काळ्यांच्या डब्यात हात घालून कधी काढला असेल, त्यांना आठवतही नसेल. माझ्या येण्याआधीचं काम असणार. पण रंग तोच, आणि ठिपका लावायची पद्धत तीच, थोडा शेपटीसारखा ओढलेला.

साहेब भिंग मागत होते. टेबलावर थिनरमध्ये बुडवलेला कापूस तयार होता, साफसफाईचाच.

"सुनंदा," सेठ सहज म्हणाले, "वो फ्लक्स का दाग साफ कर दे, साब को दिखेगा नहीं ठीक से."

फ्लक्स म्हणजे सोल्डर करताना लावतात ते राळेसारखं. त्याचा डाग तपकिरी असतो. गुलाबी नसतो.

कापूस मी उचलला होता. दोन वेळा फिरवला असता तर गुलाबी काही उरलं नसतं. स्विच पात्याचा निघालाच असता आणि काका सुटलेच असते. कोणीतरी बदलला, कोण ते माहीत नाही, एवढंच राहिलं असतं. मी हे सगळं तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. फक्त मला खूप दमल्यासारखं झालं. काका माझ्या हाताकडे बघत होते. इलेक्ट्रिशियनने स्प्रे मारताना ते असेच बघत उभे राहिले असतील.

"सेठ, राहू दे," मी म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर मी तोंड उघडल्याचं सेठला नवल वाटलं असावं. त्यांनी भिंग साहेबांच्या हातात दिलं. साहेब वाकून बघायला लागले.

"हे गुलाबी काय आहे?"

सेठने खुर्ची ओढली आणि बसले. रुमालाने मान पुसली.

"मेरा है, साब," ते म्हणाले. "मी लावतो. आपल्या कंपनीतून पहिले कोई लाया होगा. काला देखा, काला लगा दिया."

साहेबांनी भिंग सगळ्या बोर्डावरून फिरवलं. मग म्हणाले, "हा बोर्ड काचेच्या स्विचच्या हिशेबाने बनवलाय. त्याला थडथड माहीत नाही, म्हणून एक दाब मोजल्यावर ती थडथड संपेपर्यंत तो थांबत नाही. पात्याचा स्विच कधीतरी दोनदा मोजला जाणारच." हे त्यांनी आम्हाला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही. माझ्यासाठी ते नवीन होतं. पातं थडथडतं हे मला माहीत होतं, बोर्डाने थांबायचं असतं हे नव्हतं.

मी शून्याचा स्विच सोडवला. उघडताना तो तुटला, पण पातं हातात आलं. मधोमध काळं पडलेलं होतं. काकांनी ते तळहातावर घेतलं. हात हलत होता म्हणून पातंही हलत होतं.

"येवढं?" ते म्हणाले.

शून्याच्या जागी मी कोपऱ्यातला काचवाला झाकण लावून बसवला. सेठने तयार केलेला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. शून्याचा स्विच वेगळा आहे, पात्याचा आहे, तो आमच्या दुकानात बसवलेला आहे. खाली सही. साहेबांनी घडी करून खिशात ठेवला. जाताना काकांना म्हणाले, "चला भोईर, पाच वाजायच्या आत पोचू." काकांनी कीबोर्ड पुन्हा पोत्यात गुंडाळला. दारातून मागे वळून त्यांनी सेठला नमस्कार केला. मला वाटलं होतं, शिवी देतील.

त्या कंपनीचं काम आमच्याकडे परत आलं नाही. त्यांनी पुढे सगळं मशीनच नवीन बसवलं असं ऐकलं. काका त्यावर बसतात. चामटोली गावचा एक रिक्षावाला त्यांना ओळखतो, त्याने सांगितलं. नवीन मशीन आकडा टाकल्यावर दोनदा विचारतं म्हणे, बरोबर आहे का. काका म्हणतात, तेच पहिल्यापासून पाहिजे होतं.

सेठ माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. मग एका दुपारी त्यांनी काळ्यांचा डबा माझ्या टेबलावर उपडा केला. "सब सुई से देख," एवढंच म्हणाले. तो डबा वेगळा करायला मला कितीतरी दुपारी लागल्या. पाठ दुखायची, डोळ्यांसमोर सुई नाचायची. चुंबकवाले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. जवळजवळ निम्मे निम्मे निघाले. वरून सगळे काळेच.

आता ओळखायचा कीबोर्ड आला की मी कोपऱ्यातलं एक बटण उघडते आणि बाकी सगळ्यांवरून सुई फिरवते. वेळ जातो. सेठ कुरकुर करतात, पण करू नको म्हणत नाहीत.

गेल्या आठवड्यात नेलपॉलिशची बाटली वाळली. सेठने पैसे दिले आणि म्हणाले, "बाजार से नई ला. रंग वही लाना."