धाकट्या जावेचं धोरण

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही. कुणी विचारलं तर मी ‘गुणाची आहे’ म्हणते, आणि तीच तर पंचाईत आहे. मी काम करते त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात तिला चिकटवली ती मीच. आज पुस्तकं देण्याघेण्याची माझी खिडकी रिकामी असली तरी मुलं तिच्याच रांगेत उभी राहतात. चष्मा डोक्यावर ठेवून ती टेबलभर चष्मा शोधते, त्याचंही लोकांना कौतुक. माझा हरवला तर मी वेंधळी.

यंदा कॉलेजात एआय कसं वापरायचं, कसं नाही, याचं धोरण लिहायचं ठरलं. प्राचार्यांनी काम तिला दिलं. ग्रंथपाल निवृत्त होणार होते. धोरण जमलं की त्यांची खुर्ची हिलाच, हे शिपायालाही कळत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं पुस्तकांची धूळ खाल्ली मी, आणि खुर्चीवर बसणार ही.

एका दुपारी सहज तिच्या पडद्यावर डोकावले, तर बाईसाहेब एआयकडूनच धोरणाची वाक्यं घासूनपुसून घेत होत्या. आता सापडलीस, म्हटलं. त्या आनंदात घरी तिच्या वाटची भांडीही मीच घासली.

बैठकीत सगळ्यांसमोर मी विचारलं, “हे तू लिहिलंस की यंत्रानं?”

“काही ठिकाणी भाषा यंत्रानं नीट केली, वहिनी,” ती शांतपणे म्हणाली. “आपला पहिला नियमच तो आहे. ज्याची मदत घेतली त्याचं नाव सांगायचं. माणसाची घेतली तर माणसाचंही.” मग प्राचार्यांकडे वळली. “सर, कुणी कोणतं पुस्तक नेलं ते यंत्राला द्यायचं नाही, हे कलम माझं नाही. वहिनींचं आहे.”

मला आठवलं. ओट्याशी मी तिच्यावर खेकसले होते, की पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव आपण पुसतो, पोराच्या बापालाही सांगत नाही, मग त्या यंत्राला कशाला सांगायचं?

“धोरणाचा जीव आहे तो,” प्राचार्य म्हणाले.

टाळ्या मला मिळाल्या. खुर्ची तिला. हिसकावून घेतली असती तर चार ठिकाणी बोंब तरी मारता आली असती. तेवढंही तिनं ठेवलं नाही.

काल तिनं नव्या केबिनमधून हाक मारली. “वहिनी, माझा चष्मा पाहिलात का?”

तिच्या डोक्यावरच होता. मी नाही म्हणाले.