वाटेवरच्या माणसाची वाटी

मी गाव सोडलं तेव्हा आई एसटी स्टँडवर रडली नाही. गाडी सुटताना खिडकीतून माझं मनगट धरून तिने एवढंच विचारलं, "नाताळाक येतलंस मा?" मी हो म्हटलं. बाबा जहाजावर आचारी होते, तेही दर वेळी हो म्हणायचे. आमच्या घरात हो म्हणायची पद्धतच होती.

नाताळच्या दुपारचं सूप त्यांनीच कुठल्याशा बंदरावरून शिकून आणलेलं. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, आणि कोळंबीची कवचं उकळून पाणी गाळायचं, लोण्यावर मैदा परतून त्यात ते ओतायचं, मग नारळाचं दाट दूध आणि शेवटी, अगदी मंद आचेवर, क्रीम. उकळी आली की फाटलंच. गावात सगळे त्याला 'बोटीवरचं सार' म्हणत.

बाबा बहुतेक नाताळांना समुद्रावरच असत. म्हणून आई पहिली वाटी त्यांची भरायची आणि ताटलीने झाकून दाराशी स्टुलावर ठेवायची. घरातलं जे कुणी वाटेवर असेल, त्याची ती वाटी. मी ताटली उचलायला गेले की ओरडायची, "हात लावू नको गो, वाटेवरचो माणूस लाजता." जेवणं झाली की ती स्वतः बघायची. वरची साय अखंड असली तर माणूस फार लांब आहे. मोडलेली असली तर वासावर इथपर्यंत येऊन गेला. आणि खरोखरच कुणी दारात उभं राहिलं तर वाटी त्याने संपवायची, मग ती धुऊन पालथी घालायची. पोचला. गेलेल्यांसाठी मात्र वाटी नसते. त्यांच्यासाठी नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्ती लावतात. बाबा गेल्यावर त्यांची वाटी बंद झाली, आणि मी पुण्याला आल्यावर माझी सुरू झाली.

नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, आणि सदाशिव पेठेत मी पेइंग गेस्ट होते. मालकीणबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "अहो, इथे अंडंसुद्धा चालत नाही. चालतं का, हे पुन्हा विचारलेलंही चालत नाही." पहिल्याच नाताळला सुट्टी मिळाली नाही. दुपारी कॉटवर बसून ब्रेड-जॅम खात होते, आणि एकदम तोंडात कुर्लीची गोडी आली, नारळ आला, आणि त्यामागून जायफळ. जायफळ कुठून आलं ते कळेना. आमच्या सुपात ते कधीच नसायचं.

संध्याकाळी फोन केला तर आई म्हणाली, "साय मोडलेली आसा. इललंस मगे?"

मी म्हटलं, मी कुठली येऊन जातेय, मांजर असेल.

"मांजर ताटली परत झाकून ठेवता काय?"

मी जायफळाचं विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. झाकण्याआधी वाटेवरच्या वाटीवर, फक्त त्याच वाटीवर, ती चिमूटभर जायफळ किसायची. हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे कितीतरी नाताळ मी पुण्यात आणि माझी वाटी गावी. कधी रिलीज, कधी ऑन-कॉल, कधी नुसता कंटाळा. कंटाळाही होता, हे आज तुम्हा सगळ्यांपुढे कबूल करते. चव इथे बसल्या मिळत होती ना.

यंदा आई गेली. निरोप मिळताच निघाले, पण घाट उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारची मावशी सांगत होती, शेवटपर्यंत एकच विचारत होती, "चेडू खंय पावला?" पोरगी कुठवर आली, एवढंच.

या नाताळला ते सूप मी पहिल्यांदा स्वतः केलं. मार्केट यार्डातून नारळ आणले, कॅम्पातून कुर्ल्या. नवरा यवतमाळचा, त्याच्या लेखी सूप म्हणजे टोमॅटोचं, तेही लग्नातलं. पातेल्यात डोकावून म्हणाला, "हे असं पांढरं काऊन आहे?" खडकवासल्याच्या पाण्यात कवचं उकळली आणि चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर भरतीच्या वेळच्या किनाऱ्यासारखं खारं, ओलं झालं.

पहिली वाटी मी झाकून दाराशी ठेवली. आईसाठी. गेलेल्यांना वाटी ठेवत नाहीत, हे पक्कं ठाऊक असून ठेवली. मला एकदाच बघायचं होतं, ती येते का. रागावली तर नाही ना. जायफळ घरात नव्हतं, आणायचं राहूनच गेलं होतं.

आम्ही जेवायला बसलो. दुपारचे दोन, सोसायटीत चिटपाखरू नाही. मध्येच ताटली किणकिणली. नवऱ्यानेही मान वर केली, म्हणजे मला भास झाला नव्हता. "वरचे असतील," तो म्हणाला. आमच्या वर कुणीच राहत नाही, फक्त गच्ची आहे.

जेवण झाल्यावर मी ताटली उचलली. साय अखंड होती. एक सुरकुतीही नव्हती. आई आली नाही, म्हणून डोळे भरून आले. मग वास आला. सायीवर बारीक तपकिरी कीस पसरला होता.

"तू यावर काही घातलंस?"

"मी? चहात साखरसुद्धा तुला विचारून घालतो."

पातेल्यातलं सूप चाखून पाहिलं. त्यात जायफळ नव्हतं.

मी दाराशीच खाली बसले. जायफळ वाटेवरच्या माणसाच्या वाटीवर पडतं, आणि गेलेली माणसं वाटेवर नसतात. या घरात वाटेवर कोण होतं, ते मला तेव्हा कळलं. खूप भीती वाटली. तरी वाटी तोंडाला लावली आणि गार झालेलं सूप तळापर्यंत संपवलं.

गावी राहिलेले विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? माझ्यासारखे निघून आलेले विचारतही नाहीत. मला एवढंच सांगता येईल की मी ती वाटी धुतली. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"कोण येणार होतं?"

"मी," म्हटलं, आणि वाटी ओट्यावर पालथी घातली.