खिडकीतून बाहेर पडावे

मला मोबाइलचा राग नाही. मोबाइल समोर धरून आमच्या गल्लीत शिरणाऱ्या माणसांचा आहे. खंडेराव गेटच्या आत आमचं घर. नकाशातल्या कुठल्याशा निळ्या रेघेचा असा समज आहे की किल्ल्याकडे जायचा रस्ता आमच्या ओसरीतून जातो. दर हिवाळ्यात चार-दोन प्रवासी मंडळी चपलांसकट थेट तुळशीपर्यंत येतात आणि मान वर करून विचारतात, "ये रास्ता है क्या?" मी सांगतो, "नहीं भैया, घर है." ते माझ्याकडे बघत नाहीत, पुन्हा मोबाइलकडे बघतात. साठी उलटलेल्या घरमालकापेक्षा त्याचा शब्द मोठा.

या रागाला जुनं कारण आहे. माझ्या वडिलांनी झाशीवर एक मार्गदर्शिका लिहिली होती. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांसाठी, मराठीत, बत्तीस पानांची. वडील सरकारी ऑफिसात कारकून होते, लेखक वगैरे नव्हते. इथल्या चार मराठी घरांनी मिळून ती छापून घेतली. तिच्यात मैल नव्हते, फर्लांग नव्हते, नकाशाही नव्हता. सगळं अंतर पावलांत होतं. त्यातला एक उतारा मला अजून पाठ आहे: "गणपतीच्या देवळापासून डावा हात भिंतीला लावून एकशे बारा पावले चालावे. वाटेत तेलघाण्याचा वास येईल. फरशी संपून पायाखाली माती लागली की सावध व्हावे. डाव्या गालाला वारा लागेल. तीच खिडकी. खिडकीतून बाहेर पडावे."

झाशीच्या तटाला मोठमोठे दरवाजे आहेत, आणि अधूनमधून माणूस वाकून जाईल एवढी लहान दारं. त्यांना आम्ही झाशीकर खिडकी म्हणतो. इथेच जन्मलेल्या वडिलांना यात काही वावगं वाटलं नाही. पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं, "आपल्या सूचनेप्रमाणे खिडकीतून बाहेर पडण्याचा विचार केला होता, परंतु आम्ही लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर उतरलो आहोत." वडील ते पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरले. मग आईने त्यांना समजावून सांगितलं की तिकडे खिडकीला गज असतात, पडदे असतात, पण तिच्यातून कुणी बाहेर पडत नाही. त्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला मात्र त्या पुस्तकाची लाज वाटायची. अठराव्या वर्षी मी ती एकशे बारा पावलं स्वतः मोजून पाहिली होती. नव्वदाव्या पावलालाच खिडकी आली. घरी येऊन मी मोठ्या फुशारकीने सांगितलं, "तुमचं पुस्तक चुकलंय." वडील म्हणाले, "पुस्तक बरोबर आहे. पावलं तुझी आहेत." मला ती पळवाट वाटली.

लाजेचं दुसरं कारण सांगायला आजही जड जातं. रोज दिवेलागणीला आई-वडील फिरायला निघत, आणि वडिलांचा हात आईच्या खांद्यावर असे. पुस्तकासाठी पावलं मोजण्यापासून ते सुरू झालं म्हणे, पण पुस्तक छापून जुनं झालं तरी ते फिरणं थांबलं नाही. आमच्या गल्लीत तेव्हा नवरा चार पावलं पुढे आणि बायको मागे, असा रिवाज होता. माझे मित्र कोपराने ढोसून एकमेकांना ते दृश्य दाखवत. मी त्या वेळी दुसऱ्या गल्लीने घरी यायचो. शिवाय वडील संध्याकाळी भेटलेल्या ओळखीच्या माणसालाही ओळख दाखवत नसत. "बड़े घमंडी हैं पंडितजी," लोक म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

आता दोघंही नाहीत. पुस्तकाच्या उरलेल्या प्रती वाळवीने खाल्ल्या, आणि खरं सांगायचं तर मी त्या वाचवायला धावलोही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दोन बायका ओसरीत आल्या. मी नेहमीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, पण थोरल्या बाईंच्या हातात पांढरी काठी दिसली आणि ते मी तिथेच ठेवलं. वय सत्तरीच्या आसपास, नेसण सुती, पदर खोचलेला. बरोबर त्यांची तरुण भाची, हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर वैताग.

भाचीने हकिगत सांगितली. मावशीला खिडकी पाहायची होती म्हणून तिने मोबाइलला खिडकी विचारली. मोबाइलने त्यांना स्टेशनपलीकडच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या दुकानात नेऊन उभं केलं. दुकानदाराने बसायला दिलं, पाणी दिलं, सरकती खिडकी हवी की जाळीची ते विचारलं. बरंच बोलणं झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अम्मा, जा खिड़की नईं," तो आपल्या बुंदेलीत म्हणाला, म्हणजे ही खिडकी नव्हे, "वा तो सहर के भीतर है. खंडेराव पे मराठी लोगन सें पूछ लो." म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या.

मी हसणार होतो. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. माझ्या वडिलांची मार्गदर्शिका. कोपरे झिजलेले, पण पानं सगळी जागेवर.

"माझे वडील इथल्या इंजिनिअरिंग कंपनीत होते," त्या म्हणाल्या. "बदली होऊन आलो त्याच आठवड्यात त्यांनी हे घेतलं. मॅट्रिक होईपर्यंत मी झाशीत वाढले. दर रविवारी आम्ही दोघं त्या खिडकीतून बाहेर जाऊन दगडावर बसायचो."

"ताई, बसा जी," मी म्हणालो. "हे पुस्तक लिहिणारे माझे वडील."

पुस्तक उघडून त्यांनी सवयीने आपला मोबाइल पानावर धरला, आणि त्या पेटीतून एका बाईचा सपाट, न थांबणारा आवाज आला. "गणपतीच्या देवळापासून डावा हात भिंतीला लावून एकशे बारा पावले चालावे." जे यंत्र मी इतकी वर्षं शिव्या देऊन ओसरीबाहेर काढत होतो, ते माझ्या वडिलांचं वाक्य बोलत होतं. वडिलांना जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांचं एखादं वाक्य कुणी मोठ्याने वाचेल, ही अपेक्षा मी त्यांचा मुलगा असून सोडून दिली होती.

मग ताईंनी आपलं काम सांगितलं. "डोळे जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून माझा दंड सतत कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो. सगळे प्रेमानेच धरतात, मी तक्रार करत नाही. पण एक रस्ता मला एकटीने चालायचाय. मोबाइल मला वाचून दाखवतो, त्याचे उपकार आहेत. पण रस्ता सांगायला लागला की म्हणतो, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. मीटर पायाला कसे कळणार? हे एकच पुस्तक मला असं सापडलंय की ज्यात कुठे वळायचं ते मला समजतं. संध्याकाळची गाडी आहे. आज नाही जमलं तर हा हट्ट मी सोडला."

भाचीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी नाही म्हणावं. मलाही नाहीच म्हणायचं होतं, कारण मला ठाऊक होतं की पुस्तक चुकीचं आहे.

"ताई, त्यातली पावलं चुकलेली आहेत," मी म्हणालो. "मी स्वतः मोजली आहेत. आणि घाणा कधीच बंद झाला. फरशीवर काँक्रीट ओतलंय, माती वगैरे काही लागणार नाही."

"पावलं तुम्ही तुमच्या पायांनी मोजलीत," त्या म्हणाल्या. "भिंत आहे का?"

"आहे."

"आणि वारा?"

"वारा आहे जी."

गणपतीच्या देवळापर्यंत आम्ही तिघं बरोबर गेलो. तिथे त्यांनी भाचीला मागे राहायला सांगितलं, मलाही. मोबाइलची तार कानात घातली, काठी उजव्या हातात घेतली, डावा हात भिंतीला लावला आणि त्या चालू लागल्या. दहा पावलं मागून आम्ही. त्या पावलं मोठ्याने मोजत होत्या, शाळेत पाढे म्हणवून घेतात तशा सुरात.

ती गल्ली मी रोज तुडवतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती इतकी भीतीची दिसली. कुणाच्या तरी कूलरचा लोखंडी कोपरा भिंतीबाहेर आलेला. नालीवरची एक फरशी हललेली. एक गाय आडवी बसलेली. कूलरला त्यांचा हात लागला, त्या वळशाची पावलं न मोजता पुन्हा भिंतीला आल्या. गाईला काठी लागली तेव्हा गाईपेक्षा भाची जास्त दचकली. समोरून स्कूटरवाला आला, त्याने ताईंना पाहिलं आणि इंजिन बंद करून बाजूला उभा राहिला. झाशीत स्कूटरवाल्याने इंजिन बंद केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

नव्वद झाले. खिडकी अजून पुढे होती, चांगली दोन घरं पुढे. आकडा पुरणार नाही, मला वाटलं. त्या भलत्याच ठिकाणी भिंत चाचपत उभ्या राहतील, आणि मग भाची येऊन त्यांचा दंड धरेल. शंभर. एकशे पाच. वडिलांवर मी आयुष्यात पुष्कळदा चिडलो असेन, पण त्यांचं बरोबर निघावं म्हणून देवाला हात जोडले ते त्या गल्लीत.

एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.

त्या थांबल्या. कानावरचे पांढरे केस उडाले. त्यांनी डावा हात पुढे सरकवला, आणि तिथे भिंत नव्हती. त्या हसल्या, खाली वाकल्या आणि खिडकीतून बाहेर पडल्या.

मी मोजतच राहिलो होतो, उगीच, पुढे काही मोजायचं नसताना. साठ वर्षांपूर्वी एका कारकुनाने कागदावर लिहिलेला आकडा एका आंधळ्या बाईच्या पायाखाली पावलाचाही फरक न पडता खरा झाला होता. मी किल्ला रोज बघतो, त्याचं मला काही वाटेनासं झालंय. त्या एकशे बाराचं वाटलं.

तटाबाहेरच्या दगडावर ताई बसल्या होत्या. भाची त्यांच्या पायाशी बसून रडत होती आणि मोबाइलने फोटोही काढत होती. थोड्या वेळाने ताईंनी मला विचारलं, "तुमच्या वडिलांची नजर कधी गेली?"

"नजर? चांगली होती. दिवसभर ऑफिसात लिहायचे."

"मी तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. वर्णन लिहायला सांगितलं की मुलं आधी रंग लिहितात. या बत्तीस पानांत एकही रंग नाही."

मी पुस्तक मागून घेतलं. तळं होतं, पण त्याच्या पाण्याचा गार वास लिहिला होता. किल्ला होता, तर "चढ संपला की कानांना मोकळे वाटते." देवळं त्यांच्या घंटांवरून ओळखायला सांगितली होती. हिरवं, लाल, पिवळं, काही नाही. सबंध झाशी होती आणि ती कुठूनच दिसत नव्हती. मी पानं उलटत राहिलो. दिवसा लिहिणारे, आणि दिवेलागणीनंतर माणूस न ओळखणारे वडील. संध्याकाळच्या लग्नांना कधी न जाणारे. दारात मी उभा असताना "कोण?" विचारणारे. माझ्या वडिलांना रातांधळेपणा होता, आणि तो त्यांनी नोकरीच्या भीतीने म्हणा, मानी स्वभावाने म्हणा, सगळ्यांपासून लपवला होता.

"ताई, पण मग इतकी बरोबर पावलं?" मी विचारलं. "माझी का जुळली नाहीत?"

"पहिलं पान वाचा."

ते मला पाठ होतं. "या पुस्तकातील पाऊल आमच्या कुटुंबाचे धरले आहे." आम्ही भावंडं त्याची थट्टा करायचो. घरात पाच माणसं, म्हणजे सगळ्यांची पावलं मिळवून पाचाने भागायचं का?

"कुटुंब म्हणजे कोण?" ताईंनी बाकावर उभ्या केलेल्या विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं.

आणि मला आमच्या घरातले जुने पुरुष आठवले, बायकोचं नाव न घेणारे. पाहुण्यांना सांगायचे, हे आमचे कुटुंब. मी तो शब्द लहानपणी रोज ऐकला होता आणि पुस्तकात त्याचा नवा अर्थ वाचत आलो होतो. पाऊल आईचं होतं. ती चालत होती आणि मोजत होती. खांद्यावर हात ठेवून ते तिच्यामागे झाशी पाठ करत होते. आईला सगळं माहीत होतं, आणि गल्ली हसत असताना तिने एकदाही खांदा काढून घेतला नाही. त्या वेळी मी दुसऱ्या गल्लीत होतो.

ताई उठल्या, खिडकीतून आत आल्या, उजवा हात भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही डोळे मिटा. हात माझ्या खांद्यावर ठेवा. मी मोजते."

सकाळची गल्ली भरलेली होती. मला ओळखणारे सगळे तिथे होते, दूधवाला, शेजारी, तो स्कूटरवालासुद्धा. मी हात ठेवला. ताई चालू लागल्या, आणि गणपतीच्या देवळापर्यंत, पूर्ण एकशे बारा पावलं, मी डोळे उघडले नाहीत.